रगात दाट झालां

आषाढातली सकाळ. रात्रभर कोसळून पाऊस नुकता थांबला होता, पागोळ्या मात्र चालूच होत्या. सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात, औषधाच्या दुकानावरच्या माडीवर एक छोटी लॅब आहे. एक टेबल, एक सेंट्रिफ्यूज, भिंतीलगत लाकडी बाक, स्पिरिटचा वास आणि खालच्या बाजारातून वर येणारा सुक्या बांगड्याचा वास. खिडकीतून समोरच्या घराची पडवी दिसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे तिथे दोन म्हातारे जाळी पसरून तुटलेले धागे सांधत बसलेले. बाकावर साठीच्या घरातली एक बाई होती. साखरेची गोळी कित्येक वर्षं चालू. लॅबमधल्या पोराने तिच्या दंडाला रबरी पट्टा आवळला, शीर चाचपली, सापडेना, मग मनगटाजवळच्या एका बारीक शिरेत सुई घातली. "झिला, हळू रे," ती म्हणाली. सिरिंजमध्ये रक्त थेंबाथेंबाने येत राहिलं. पुरेसं झाल्यावर त्याने ते जांभळ्या बुचाच्या नळीत सोडलं आणि नेमका फोन वाजला. नळी स्टँडमध्ये तशीच उभी राहिली. बोलून झाल्यावर त्याने ती उचलून तिरकी केली, तर आत काळपट लाल गुठळी. "काकी, तुमचं रक्त फार दाट आहे हो. गोठलंच बघा. शुगरवाल्यांचं असंच असतं. दहा मिनिटं बसा, पाणी प्या, दुसऱ्या हाताचं घेऊया."

बाई काहीच बोलली नाही. उठून जिना उतरली. परत आली तेव्हा हातात चौदा गोळ्यांचं एक पाकीट होतं, ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनचं. शेजारी बसलेल्या बाईला दाखवत म्हणाली, "रगात दाट झालां म्हणता तो. म्हणान पातळ करूची गोळी हाडलंय."

तो शब्द त्या दिवसापासून मनातून जात नाही. दाट.

त्या नळीपुरतं बोलायचं तर दोष रक्ताचा नव्हताच. जांभळ्या बुचाच्या नळीच्या आतल्या बाजूला ईडीटीए नावाचं क्षार लावलेलं असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए ते कॅल्शियम पकडून ठेवतं. पण त्यासाठी दोघांची गाठ पडायला हवी. म्हणून रक्त सोडल्याबरोबर नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा पूर्ण उलटीसुलटी करायची असते. जोराने हलवली तर तांबड्या पेशी फुटतात, नुसती उभी ठेवली तर वरचं रक्त त्या क्षाराला भेटतच नाही. त्यातून शीर बारीक, रक्त थेंबाथेंबाने आलेलं, पट्टा मिनिटाहून जास्त वेळ आवळलेला. सुई शीर शोधत फिरली की आजूबाजूच्या मांसातला टिश्यू फॅक्टर रक्तात मिसळतो, आणि गोठण्याची साखळी तिथून सुरू होते. ज्याला आयुष्यात साखरेचा आजार शिवला नाही, त्याचं रक्तही अशा वेळी नळीत गोठतं. निळ्या बुचाच्या नळीचं तर याहून कडक. तिच्यात सोडियम सायट्रेट आधीच द्रवरूपात भरलेलं असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. रक्त खुणेपर्यंत भरलं नाही तर सायट्रेटचं प्रमाण वाढतं आणि गोठायला लागणारा वेळ खोटाच लांबलेला दिसतो. रिपोर्टवर आकडा छापून येतो आणि नळी अर्धीच भरली होती हे कुणी सांगत नाही.

तरीही त्या पोराचं म्हणणं उडवून लावता येत नाही, आणि खरा सल तिथेच आहे. त्याने कारण चुकीचं दिलं, पण ज्या गोष्टीकडे बोट दाखवलं ती आहे. टाइप टू मधुमेहात रक्ताच्या गोठण्यात बदल होतो. फक्त तो दाटपणाचा नसतो. तो दोन स्वभावांचा असतो: धरायची घाई आणि सुटायची टाळाटाळ. आणि हे दोन्ही त्या नळीत डोळ्यांना दिसत नाहीत. साध्या रक्ततपासणीत प्लेटलेटची, म्हणजे गुठळीची सुरुवात करणाऱ्या बारीक पेशींची, संख्या मोजतात. दीड लाख ते साडेचार लाखांच्या मध्ये असली की सगळं ठीक. मधुमेह्याची संख्या बहुधा तिथेच असते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारे पीटी, आयएनआर हे आकडेही बहुतेक वेळा नेहमीच्या मर्यादेतच राहतात. म्हणजे ज्याला ही घाई जडली आहे त्याच्या हातातला कागद निर्धास्त असतो.

आधी घाईचं बघू. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर शाबूत असतं तोवर ते प्लेटलेटना सतत गप्प बसवत असतं. नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून. अस्तर फाटलं, किंवा आतला चरबीचा थर फुटला, की प्लेटलेट तिथे चिकटतात, आकार बदलतात, पसरतात, आणि पोटातली रसायनं बाहेर टाकून बाकीच्यांना हाका मारतात. त्यात एडीपी आणि थ्रॉम्बॉक्सेन ही दोन मुख्य. मधुमेहात अस्तराची गप्प बसवण्याची ताकद घटते आणि प्लेटलेटही त्याचं ऐकेनाशा होतात. इन्सुलिनचं एक काम आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही: ते प्लेटलेटनाही आवरतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं तेव्हा प्लेटलेटही दाद देत नाहीत, मग एरवी ज्या हाकेला त्या हलल्या नसत्या त्या हाकेला धावतात. वाढलेली साखर त्यांच्या आवरणातल्या प्रथिनांना चिकटते ती वेगळीच. शिवाय अस्थिमज्जेतून त्या भराभर तयार होऊन येतात, आणि नव्या, टपोऱ्या प्लेटलेट जुन्यांपेक्षा जास्त तापट असतात. रिपोर्टमध्ये एमपीव्ही म्हणून आकडा असतो तो या टपोरेपणाचा. पण त्यावरून घरी बसून काही ठरवू नये. ईडीटीएमध्ये तास-दोन तास राहिलं की प्लेटलेट आपोआप फुगतात, आणि आपल्याकडे कितीतरी नमुने दुपारच्या एसटीने शहरातल्या लॅबला जातात.

आता जाळं. प्लेटलेटचा गोळा कच्चा असतो, त्याला बांधून ठेवतं ते फायब्रिन. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं, साधारण शंभर मिलिलिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम. थ्रॉम्बिन नावाचं एन्झाइम त्याची बारीक टोकं छाटतं, उरलेले रेणू एकमेकांना जोडून धागे होतात, आणि तेरा नंबरचा फॅक्टर, म्हणजे गोठण्याच्या साखळीतलंच एक प्रथिन, त्या धाग्यांना गाठी मारतो. समोरच्या पडवीत जे चाललं होतं त्यापेक्षा फार निराळं नाही. मधुमेहात फायब्रिनोजेन वाढलेलं असतं. पायाला चिघळलेली जखम असेल, हिरड्या सुजलेल्या असतील, बिडी चालू असेल तर आणखी वाढतं. सात आणि आठ नंबरचे फॅक्टर आणि फॉन विलब्रँड फॅक्टर यांचंही प्रमाण चढतं. आणि धाग्यांवर साखर चढली की जाळ्याची वीणच बदलते. धागे बारीक, संख्येने जास्त, एकमेकांत गच्च. दर्यावरची माणसं जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात. निरोगी माणसाच्या गुठळीची आस मोठी असते, मधुमेह्याच्या गुठळीची बारीक. रापणीच्या जाळ्यातून पाणी कसं निथळून जातं ते ज्याने किनाऱ्यावर पाहिलंय त्याला आस म्हणजे काय हे वेगळं समजावावं लागत नाही. मासे घेऊन जाळं वर येतं ते पाणी वाट काढून गेल्यामुळे. आस बारीक असली की पाणी अडतं, जाळं जड होतं, ओढणाऱ्यांचे खांदे भरून येतात.

रक्तात मात्र वाट पाण्यालाच लागते असं नाही. ती कापणाऱ्यालाही लागते.

शरीर गुठळी करतं तेव्हाच ती मोडायची तजवीजही करून ठेवतं. प्लाझ्मिन नावाचं एन्झाइम धागे कापत जातं. रक्तात ते प्लाझ्मिनोजेन या झोपलेल्या रूपात असतं, आणि रक्तवाहिनीच्या अस्तरातून येणारा टीपीए त्याला जागं करतो. या टीपीएचा हात धरून ठेवणारा एक पीएआय-१. यकृत आणि पोटाच्या आतली चरबी, दोन्हीकडून तो येतो, आणि टाइप टू मधुमेहात, विशेषतः पोट सुटलेल्या माणसात, तो ठळकपणे वाढलेला असतो. म्हणजे एकीकडे कापणाऱ्याचा हात धरलेला, दुसरीकडे जाळ्याची आस इतकी बारीक की सुरी आत शिरत नाही. त्यातच प्लाझ्मिनोजेनवरही साखर चढते आणि ते जागं व्हायला वेळ लावतं. एरवी जी गुठळी धरता धरता विरघळून गेली असती, कुणाला कळलंही नसतं, ती टिकते. आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत टिकलेली अर्ध्या तासाची गुठळी पुरेशी असते.

या पीएआय-१ ला दिवसाची वेळ असते. तो पहाटे चढतो. हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरी जास्त येतात त्यामागच्या कारणांत हेही एक आहे. पहाटे चढणारा रक्तदाब आणि तापट प्लेटलेट जोडीला असतात. कोकणात पहाट म्हणजे कामाची वेळ. कुणी मचव्याकडे निघालेला, कुणी बागेत, कुणी विहिरीवर. मधुमेह्याच्या छातीत त्या वेळी कळ येईलच असं नाही, कारण बरीच वर्षं साखर वाढलेली असली की हृदयाकडून दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसाच बधिर झालेल्या असतात. मग उरतं काय, तर अचानक घाम, धाप, पोटात ढवळणं, चालवेना असा गळाठा आणणारा थकवा. "पित्त झालंय" म्हणून आमसुलाचं पाणी दिलं जातं. आमसूल वाईट नाही, पण त्या पाण्यात गेलेला तास वाईट असतो. गुठळी ताजी असते तेव्हा ती फोडणारी औषधं काम करतात. हृदयाच्या झटक्यात ती बारा तासांपर्यंत देता येतात, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांतला. नंतर जाळं आवळत जातं, गाठी पक्क्या होतात. आणि अंतरं तर आपल्याला ठाऊकच आहेत. सिंधुदुर्गातली माणसं गोव्यातलं बांबोळी गाठतात, रत्नागिरीची कोल्हापूर, तेही घाटात दरड नसेल तर. म्हणून थेट लांबच्या मोठ्या हॉस्पिटलसाठी गाडी शोधण्याआधी १०८ लावून जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी काढून घेणं शहाणपणाचं. झटका असेल तर गुठळी फोडायचं इंजेक्शन तिथेच देऊन मग पुढे पाठवता येतं.

अशा वेळी ॲस्पिरिन खरंच कामाची. साधारण ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ७५ च्या चार गोळ्या, गिळायच्या नाहीत, चावायच्या. या गोळ्यांवर पोटात न विरघळणारं आवरण असतं, अख्खी गिळली तर काम सुरू व्हायला उशीर होतो. मात्र तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं जड झालं, तर ॲस्पिरिन तोंडात घालायची नाही. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅन केल्याशिवाय कळत नाही. ज्याला ॲस्पिरिनने दमा उठतो किंवा पोटात रक्तस्राव झालेला आहे, त्यालाही ती नाही.

पण रोज एक गोळी, कुणीतरी रक्त दाट म्हणालं म्हणून? ब्रिटनमध्ये १५,४८० मधुमेह्यांवर एक मोठी चाचणी झाली, ॲसेंड नावाची. हृदयविकार अजून झालेला नाही अशी माणसं. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी कोरी गोळी. सरासरी ७.४ वर्षं. निकाल २०१८ मध्ये आले. झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना ॲस्पिरिनवाल्यांत ८.५ टक्क्यांना, कोऱ्या गोळीवाल्यांत ९.६ टक्क्यांना. आणि मोठा रक्तस्राव? ॲस्पिरिनवाल्यांत ४.१ टक्के, दुसरीकडे ३.२. हजार माणसांत अकराजण अशा घटनेतून वाचले, नऊजणांना जास्तीचा रक्तस्राव झाला. ज्या गोळीचा फायदा-तोटा इतका जवळजवळ आहे ती जिना उतरून विकत आणायची गोष्ट नव्हे. सत्तरीपुढे तर रक्तस्रावाचं पारडं आणखी जड होतं. ज्यांना झटका येऊन गेलाय किंवा स्टेंट बसलाय त्यांचा हिशेब अगदी उलटा. त्यांनी ती एक दिवसही आपल्या मनाने सोडायची नाही. दात काढायचाय म्हणून आठ दिवस गोळ्या बंद करणारी माणसं गावोगाव भेटतात. बहुतेक वेळा दात गोळ्या चालू ठेवूनच निघतो, जागेवर कापसाची घडी अर्धा तास घट्ट चावून धरावी लागते एवढंच. नवीन स्टेंट मात्र गोळ्या थांबल्या की गच्च बंद होऊ शकतो.

आणि ही गोळी रक्त पातळ करतच नाही. ती फक्त प्लेटलेटचं थ्रॉम्बॉक्सेन बंद करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे एकदा मोडलेलं एन्झाइम ती पुन्हा घडवू शकत नाही. सात ते दहा दिवसांच्या आयुष्यभर ती तशीच मुकी राहते. रोज साधारण दहा टक्के नव्या प्लेटलेट येतात, म्हणून रोज गोळी. मधुमेहात नव्या जास्त वेगाने येतात, त्यामुळे सकाळच्या गोळीचा असर कित्येकांत दुसऱ्या पहाटेपर्यंत ओसरू लागतो, नेमका त्या पहाटेच्या वेळी. गुडघ्यांसाठी आयबुप्रोफेन आधी घेतली तर ती ॲस्पिरिनची जागा अडवून बसते, हेही घरात कुणाला माहीत नसतं. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं तर पोटात रक्त जातंय हे तर माहीत असायलाच हवं.

रक्त खरोखर दाट होतं अशी एक वेळ असते. वैशाखाचा उकाडा, जुलाब-उलट्या, जेवण नाही म्हणून गोळ्याही बंद, आणि साखर चढत ६०० च्या पुढे. लघवीवाटे पाणी वाहून जातं, मोठ्या माणसाच्या शरीरातलं पाणी आठ-नऊ लिटरपर्यंत घटलेलं असू शकतं. जीभ लाकडासारखी, माणूस गुंगीत, बोलणं असंबद्ध. घरचे म्हणतात झोपलाय, झोपू दे. या अवस्थेत मात्र हातापायांत, मेंदूत, कुठेही गुठळी होण्याचा धोका असतो, आणि उपाय गोळी हा नसून सलाइन आणि इन्सुलिन, तेही हॉस्पिटलात. दाट हा शब्द कुठे वापरायचाच असेल तर इथे.

उलट बाजूही आहे. साखर एकदम खाली गेली तरी ॲड्रेनलिन उसळतं आणि प्लेटलेट तापतात. साखर पूर्ववत झाली म्हणून ते लगेच निवत नाही. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणाऱ्या किती आया-आज्या असतील. आषाढ-श्रावणात तर चंद्रही ढगाआड. उपवास करायचा तर त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवावं, बाकी देव समजून घेतो.

"रक्त इतकं लवकर गोठतं, मग पायाची जखम का भरत नाही?" हा प्रश्न कुणीही विचारावा असाच आहे. कालवं काढताना खडकावर पाय कापतो, रक्त दोन मिनिटांत थांबतं, बाई पुन्हा पाण्यात उतरते. रक्त थांबणं हे पहिल्या काही मिनिटांचं काम. जखम भरणं पुढच्या काही आठवड्यांचं. त्यासाठी तिथवर रक्त पोचायला हवं, पांढऱ्या पेशी चपळ हव्यात, पायाला दुखलं तर कळायला हवं. लवकर थांबलेल्या रक्तावर विसंबून जखमेकडे पाठ फिरवली जाते. एसटीने मुंबईहून बारा-बारा तास बसून आलेल्यांच्या पायात शिरेत होणारी गुठळी हा प्रकार तर वेगळाच. तिचा मधुमेहाशी संबंध तितका सरळ नाही. वजनाचा हिशेब बाजूला काढला की बराचसा विरतो. मधुमेहाची खरी करामत धमन्यांत.

लसूण, मेथी, तारली, बांगडा, सगळ्यांची नावं या संदर्भात घेतली जातात. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचं त्याच ॲसेंड चाचणीत पाहिलं गेलं होतं, रोज एक ग्रॅम. मधुमेह्यांच्या झटक्यांत म्हणावा असा फरक पडला नाही. बांगडा खावा, चवीने खावा, पण तो औषध म्हणून नको. आस मोठी करणाऱ्या गोष्टी जुन्याच आहेत आणि त्या चालतात. पोटाचा घेर कमी झाला की पीएआय-१ उतरतो. रोजच्या चालण्याने उतरतो. मेटफॉर्मिनने थोडा उतरतो. साखर आटोक्यात आली की गुठळीच्या जाळ्याची वीण सुधारते, आणि त्याला वर्षं लागत नाहीत, कारण रक्तातलं निम्मं फायब्रिनोजेन चार-एक दिवसांत बदललेलं असतं. नवे धागे साखर न चढता येतात. त्या बाईला त्या सकाळी कुणी एवढंच सांगितलं असतं तरी चाललं असतं.

दहा मिनिटांनी पोराने तिला पुन्हा बोलावलं. या वेळी उजवा हात, कोपराच्या खोबणीतली शीर, पट्टा सुई शिरल्यावर लगेच सैल. रक्त सरसर आलं. त्याने बूच लावून नळी सावकाश उलटी केली, सुलटी केली, आठ वेळा. फोन पुन्हा वाजत होता, या वेळी त्याने तो वाजू दिला. पाऊस परत सुरू झाला होता आणि समोरच्या पडवीतले म्हातारे जाळं आत ओढून घेत होते. बाईने खिडकीच्या उजेडात ती नळी पाहिली. रक्त काचेवरून एका बाजूने दुसऱ्या बाजूला वाहत होतं.

"ह्यां तर पातळच आसा मां," ती म्हणाली, आणि मांडीवरच्या पाकिटाकडे बघत राहिली.